आधी वास्तूचं तोंड बघा

वाचकांचे प्रश्न, छायाचित्रकाराची उत्तरं

या वेळच्या पत्रांत किल्ले, देवळं आणि राजवाड्यांचीच गर्दी आहे. पाऊस ओसरू लागला की सगळ्यांचे पाय शिवशिवतात, त्यामुळे नवल नाही. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न लेन्सचा आहे. त्यावर माझा उलटा प्रश्न असा : जिथं निघालात त्या वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि ती बांधली कशासाठी? एवढं ठाऊक असलं की किती वाजता जायचं, कुठं उभं राहायचं आणि काय सोडून द्यायचं, हे आपोआप ठरत जातं. लेन्स त्यानंतर.

प्रश्न : आम्ही जयसिंगपूरचे. खिद्रापूर जवळ असल्यानं कोपेश्वराला वरचेवर जाणं होतं. स्वर्गमंडपाचा फोटो मात्र कधीच मनासारखा येत नाही. आभाळ धरलं तर खांब काळे पडतात, खांब धरले तर वरचा गोल पांढरा फटक होतो.

उत्तर : तुमचं भाग्य मोठं आहे. इतकं देखणं देऊळ असं सहज जाता येण्याजोगं किती जणांना मिळतं!

अडचण कॅमेऱ्याची नाही, वेळेची आहे. स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही. साधारण १३ फुटी गोल उघडा ठेवला आहे आणि बरोबर त्याच्याखाली तशीच गोल रंगशिळा आहे. भर दुपारी आभाळ आणि खांबांच्या सावलीतली बाजू यांच्यातला फरक एवढा असतो की कुठलाही कॅमेरा दोन्ही एका फोटोत सांभाळू शकत नाही. तेव्हा फरक कमी होईल अशी वेळ गाठा. सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं सर्वांत चांगली. आभाळ गडद निळं होत जातं आणि जमिनीवरून परतलेला उजेड खांबांवर अजून शिल्लक असतो. तिथले खांब कातीव आहेत आणि घासून गुळगुळीत केलेले आहेत, त्यामुळे थोडा उजेडही ते छान परत देतात. आयएसओ ८०० ते १६००, कॅमेरा जमिनीवर उताणा, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडची गरजच नाही. स्वतः उताणं पडून बघायचं असेल तर पाय गाभाऱ्याकडे येणार नाहीत एवढं पाहा. देऊळ पूर्वाभिमुख आहे, म्हणजे डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला.

दुपारीच जावं लागलं तर आभाळाचा नाद सोडा आणि कवडशाचा फोटो घ्या. हा कवडसा वर्षभर फिरतो. मेच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास आपल्याकडे सूर्य ऐन माध्यान्ही डोक्यावर येतो. त्या दिवसांत घड्याळात साडेबाराच्या सुमाराला उन्हाचा गोल बरोबर रंगशिळेवर बसतो. डिसेंबरात दुपारचं ऊनही तिरपं असतं, त्यामुळे तोच गोल उत्तरेकडे सरकून खांबांवर चढतो आणि त्यांच्यावरचं बारीक नक्षीकाम उठून दिसतं. एक्स्पोजर उन्हातल्या दगडावर धरा, बाकीचं काळं पडू द्या. माझ्या मते डिसेंबरातला फोटो मेच्या फोटोपेक्षा सरस येतो, कारण तिरप्या उन्हात दगडाला खोली येते. छताच्या कडेनं आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आहेत, तेही टेलि लेन्सनं एकेक करून घ्या. घाईत सगळे वर बघतात आणि गोल बघून परततात, दिक्पाल तसेच राहून जातात.

त्रिपुरी पौर्णिमेला दिव्यांसाठी गर्दी होते. कार्तिकातला पूर्ण चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येतो, म्हणून तो त्या गोलात दिसतो. त्या रात्री खांबांवर पणत्यांचा पिवळा उजेड असतो आणि वर चंद्राचा पांढरा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली उजेडाचा रंग ठरवणारी सोय, ऑटोवर ठेवलात तर पणत्यांचा रंग मारला जाईल. तो उन्हाच्या खुणेवर ठेवा.

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ताई, माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. मित्रांबरोबर राजगडला चाललोय. सगळे म्हणतात वाइड घे. पैसे साठवतोय. कोणती घेऊ?

उत्तर : आत्ता काहीच घेऊ नकोस. साठवलेले पैसे चांगल्या बुटांवर आणि एका जास्तीच्या बॅटरीवर घाल. १८-५५ राजगडाला पुरून उरते.

नकाशा समोर घेऊन बस. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधे उंच बालेकिल्ला. सुवेळा पूर्वेच्या अंगाला आहे, म्हणून सकाळ तिथं. तिथल्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, उजाडायच्या आत पोचायचं असेल तर टॉर्च लागेल, आणि नेढ्यात चढून फोटोसाठी उभं राहायचं नाही. वारा तिथं सांगून येत नाही. खालूनच घे, आकार खालूनच कळतो. संध्याकाळ संजीवनीवर. मावळतीला तोरणा समोर असतो आणि माचीची तटबंदी तुझ्या पायाशी वळत वळत गेलेली दिसते.

तिथं नीट थांब. संजीवनीचा तट चिलखती आहे, म्हणजे बाहेर एक भिंत, आत दुसरी, आणि मधून माणूस जाईल एवढी वाट. शत्रूनं बाहेरचा बुरूज पाडला तरी आतला उभा. लांबून काढलेल्या फोटोत हे काहीच कळत नाही, एक जाड भिंत दिसते. तटावरून खाली बघ, दोन्ही भिंती आणि मधली फट एका फ्रेममध्ये घे आणि एका मित्राला त्या वाटेनं चालायला सांग. माणूस आला की रुंदी कळते. किल्ल्याचा फोटो म्हणजे मला हेच वाटतं : बांधणाऱ्यानं काय विचार केला होता, ते बघणाऱ्याला कळायला हवं. गोमुखी दरवाजाचंही तसंच. दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा असा लपवलेला असतो की समोरून तो दिसतच नाही, हत्तीला धडक मारायला किंवा तोफेला नेम धरायला जागा मिळत नाही. समोर उभं राहून दरवाजाचा फोटो काढायला गेलास तर फक्त बुरूज येतील. वरच्या तटावर जाऊन वाटेचं वळण घे. रायगडाच्या महादरवाजाला हे झकास दिसतं.

बालेकिल्ल्याच्या चढाला कॅमेरा गळ्यात नको, पिशवीत. दोन्ही हात मोकळे पाहिजेत. पाणी प्रत्येकानं स्वतःचं घ्या. टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे का, ते पायथ्याच्या गावात विचारा. मुक्कामाचे नियमही तिथंच विचारून वर चढा, ते बदलत असतात.

दिवस निवडायचे असतील तर पाऊस थांबल्यानंतरचे पहिले काही आठवडे निवड. हवा धुतलेली असते, पुरंदर-वज्रगड स्वच्छ दिसतात, पठारावर सोनकीची पिवळी फुलं असतात. मार्चनंतर धुरकट होतं. वणव्याचा धूर आणि धूळ मिळून मागच्या रांगा पुसल्या जातात.

एक जास्तीचं सांगते, कारण तू इंजिनीअरिंगचा आहेस. कधी हंपीला गेलास तर विरूपाक्षाच्या देवळात मागच्या बाजूची अंधारी खोली विचारून बघून ये. भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून गोपुराची प्रतिमा आतल्या भिंतीवर उलटी पडते. तुझ्या कॅमेऱ्यात जे होतं तेच तिथं दगडी भिंतीत होतं. लेन्सच्या जाहिराती वाचण्याआधी ते बघ.

प्रश्न : डिसेंबरात आई-बाबांना घेऊन ठाण्याहून वेरूळ-अजिंठा करायचा बेत आहे. दोन दिवस आहेत. आधी काय, कधी जावं? अजिंठ्याला फोटो येतात का?

उत्तर : आधी सुट्ट्या जुळवा. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. सोमवार-मंगळवार हातात असले तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, उलट केलंत तर दोन्ही बंद दारं बघाल. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीसेक किलोमीटर आहे, अजिंठा शंभरच्या आसपास, त्यामुळे अजिंठ्याच्या दिवशी लवकर निघा. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी सोडून पुढं बसनं जावं लागतं, आई-बाबांच्या चालण्याचा हिशेब त्यात धरा.

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी नऊला पोचून कैलासाच्या समोर उभे राहाल तर दर्शनी भाग सावलीत आणि मागचं आभाळ झगझगीत मिळेल. सकाळचा वेळ आत, शिल्पांना द्या. मंदिराच्या दक्षिण अंगाला रावण कैलास हलवतो आहे ते शिल्प आहे. खाली खोबणीत रावण, वीस हात पसरलेले, वर शिव-पार्वती. पार्वती दचकून शिवाला बिलगली आहे, दासी पळते आहे, शिव मात्र शांत. या शिल्पाला थेट ऊन नकोच. सावलीतला सारखा उजेड असला की खोबणीतला रावणही दिसतो आणि वरचे चेहरेही. दर्शनी भाग दुपारी तीननंतर घ्या.

मग बाजूनं डोंगरावर जाणाऱ्या वाटेनं वर जा. हे देऊळ वरून खाली खोदत आणलं आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात. कारागिरांनी कळसाकडून सुरुवात केली आणि पायाशी येऊन थांबले. वरून बघितल्याशिवाय हे डोळ्यांना पटत नाही. डोंगर, त्यात कापलेला चौक आणि चौकात उभं देऊळ, तिन्ही एका फ्रेममध्ये तिथूनच येतात. कड्याच्या काठापासून चार पावलं मागं राहा, वाइड लेन्सला तेवढ्यानं काही फरक पडत नाही. आई-बाबांना वर न्यायचा हट्ट धरू नका. त्यांना तेवढ्यात दहाव्या लेण्यात बसवा. दुपार कलली की त्या चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, गवाक्षातून उजेड आत सरकतो. छताला दगडात कोरलेल्या लाकडासारख्या फासळ्या आहेत, त्या तेव्हा स्पष्ट दिसतात. तुम्हीही परत येताना तो फोटो घ्या.

अजिंठ्याला फोटो येतात, पण तिथं जाण्याचं कारण फोटो नसावं असं माझं मत आहे. फ्लॅश बंद, अगदी मोबाइलचा टॉर्चसुद्धा नाही. ते रंग दीड हजार वर्षांचे आहेत. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर गेल्यावर दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. अंधाराला डोळे सरावले की मुकुटाची नक्षी, झुकलेल्या भुवया, हातातलं निळं कमळ हळूहळू दिसू लागतं. ते दिसलं की मग, पाटीवरचे नियम बघून, हरकत नसेल तर एखादा फोटो घ्या. श्वास रोखून, कोपर अंगाला टेकवून. खांबाला किंवा भिंतीला टेकू नका, सव्विसाव्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाच्या मूर्तीजवळ तर लोक सर्रास हात लावताना दिसतात. ती मूर्ती सात मीटर लांब आहे. पायांकडून चेहऱ्याकडे बघत फोटो घेतलात तर तिची लांबी कळते.

आणि वाघूर नदीपलीकडच्या टेकडीवरून लेण्यांची सगळी कमान एकदा बघा. १८१९ साली शिकारीला आलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी या भागातूनच लेण्यांपर्यंत पोचला.

प्रश्न : ट्रायपॉड लावला की पहारेकरी ओरडतो, ड्रोनची तर बातच नको. नक्की नियम काय आहेत? (सातारा)

उत्तर : ते ठिकाण कोणाच्या ताब्यात आहे, ते आधी बघायचं. केंद्राचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचं पुरातत्त्व संचालनालय, देवस्थान, वन विभाग किंवा खासगी मालक. केंद्राच्या स्मारकांत हातात कॅमेरा धरून फोटो काढायला साधारणपणे अडचण नाही, २०१८ पासून ही मुभा आणखी मोकळी झाली. ट्रायपॉडला मात्र लेखी परवानगी लागते. ताजमहालात मुख्य कबरीच्या आत फोटो नाहीत आणि शुक्रवारी ताज बंद. वासोट्यासारखा किल्ला कोयना अभयारण्यात आहे, हरिश्चंद्रगडही अभयारण्यात. तिथं वन विभागाचा शब्द शेवटचा.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा बघावा लागतो. पट्टा हिरवा दिसला तरी स्मारकावर उडवायला त्या खात्याची परवानगी वेगळी लागते, हे बरेच जण विसरतात. संरक्षित स्मारकाची नासधूस केली, म्हणजे त्यावर नाव कोरणंही आलं, तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे.

पहारेकऱ्यावर चिडू नका. तो दिवसभर उन्हात उभा असतो आणि शंभर जणांना तेच सांगतो. नमस्कार करून विचारलं तर कुठून चांगलं दिसतं तेही तोच दाखवतो. हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. नागपूरहून राजस्थानची सहल ठरली आहे. कॅमेरा नाही, मोबाइल आहे. राजवाड्यांचे फोटो चांगले येतील का?

उत्तर : नक्की येतील. मोबाइलमध्ये आधी फ्रेमवरच्या उभ्या-आडव्या रेघा सुरू करून घ्या. महालासमोर उभं राहून मोबाइल वर तिरका केला की इमारत मागं पडल्यासारखी येते. मोबाइल सरळ उभा धरा आणि चार पावलं मागं जा. खाली थोडं अंगण जास्त आलं तर येऊ द्या. ऊन फार असेल तर पडद्यावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा खाली ओढा.

आता ठिकाणं. जयपूरचा हवामहाल पूर्वेकडे बघतो, म्हणून सकाळी जा. दुपारी तो निस्तेज वाटतो आणि लोक उगीच नाराज होतात. रस्त्यावरून जी बाजू सगळे काढतात ती खरं तर महालाची पाठ आहे, आत जायचं दार मागच्या अंगानं आहे. १७९९ साली सवाई प्रतापसिंहांनी हा बांधला तो राणीवशातल्या बायकांना बाजार, मिरवणुका दिसाव्यात आणि त्या मात्र कोणाला दिसू नयेत म्हणून. ९५३ झरोके त्यासाठी. तेव्हा रस्त्यावरून एक फोटो झाला की आत जा, वर चढा आणि जाळीतून खालचा रस्ता घ्या. जाळी काळी आणि रस्ता उजळ. या इमारतीचा मला वाटणारा सर्वांत खरा फोटो तोच आहे. काकूंना झरोक्याशी उभं करून मागून घेतलात तर आणखी छान.

आमेरच्या शीशमहालात फ्लॅश मारू नका, हजार ठिपके उठतील आणि आरसेकाम दिसणार नाही. जोधपूरचा मेहरानगड आतून बघून झाला की जसवंत थडा या राजघराण्याच्या स्मारकाच्या बाजूनं लांबून बघा. कातळ कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते तिथून शोधावं लागतं. जैसलमेरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात. ओसरीवर बसलेल्या आजींचा फोटो घ्यायचा तर आधी राम राम करा, बसा, बोला. नाही म्हणाल्या तर नाही.

परतीला गुजरातवरून येणार असाल तर पाटणची राणी की वाव चुकवू नका. शंभराच्या नव्या नोटेवर आहे ती. अकराव्या शतकात राणी उदयमतीनं बांधलेली ही विहीर जमिनीत खोल उतरत जाते, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तळापर्यंत पोचत नाही. इथं भर दुपारच बरी. फोटोग्राफीच्या वर्गात दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका असं शिकवतात, विहिरींना ते लागू नाही.

प्रश्न : कोल्हापूरच्या किरणोत्सवाचा फोटो गाभाऱ्यासमोरून कसा मिळवता येईल?

उत्तर : मिळवायचा नाही. आत बंदी आहे आणि ती पाळायची. महालक्ष्मीचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत चरणांपासून वर चढतात. त्या वेळी हात जोडून उभं राहावं. फोटो हवाच असेल तर देवळाबाहेर, किरणं ज्या वाटेनं येतात त्या रस्त्यावर मावळतीकडे पाठ करून उभे राहा. लोकांच्या चेहऱ्यांवर तेच ऊन असतं.

प्रश्न : परभणी जिल्ह्यातल्या एका गावात मी शिक्षक आहे. गावात जुनं पडकं हेमाडपंती देऊळ आहे, आवारात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) आणि कोरीव दगड विखुरले आहेत. एका शिळेवर अक्षरं आहेत, ती वाचता येत नाहीत. प्रसिद्ध नसलेल्या अशा जागेचे फोटो काढून उपयोग काय, आणि काढायचे तर कसे?

उत्तर : गुरुजी, या महिन्यातलं मला सर्वांत आवडलेलं पत्र तुमचं. राजगड-वेरूळचे फोटो लाखो आहेत. तुमच्या देवळाचे कदाचित एकही नसतील. मी अशी देवळं बघितली आहेत जिथं दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात शिल्पांवर ऑइलपेंट चढला, सभामंडपाला फरशी बसली आणि वीरगळ पायरीला लावून टाकले. गावानं भक्तीनंच केलेलं असतं, पण आधीचा फोटो कोणाकडे नसेल तर काय होतं ते कायमचं गेलं. म्हणून काढा, लवकर काढा.

सुरुवात लांबून करा. आधी सगळं आवार, मग देवळाच्या चारी बाजू, मग दार. द्वारशाखा म्हणजे दाराच्या कोरीव चौकटी, ललाटबिंबावर म्हणजे चौकटीच्या वर मधोमध कोण आहे, उंबऱ्यावरचं कीर्तिमुख म्हणजे राक्षसी तोंड, हे सगळं सरळ समोरून. मग एकेक दगड, आहे त्या जागेवर. हलवू नका, उचलून भिंतीला टेकवू नका. दगड कुठं पडला आहे हीसुद्धा माहिती असते. शेजारी मोजपट्टी ठेवा, दगडावर नको, बाजूला. शिसपेन्सिल चालेल, पण एकच ठरवा आणि सगळीकडे तीच वापरा.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. बहुधा तळाच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करताना आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. एक पूर्ण फोटो आणि मग प्रत्येक चौकटीचा वेगळा. खालच्या चौकटीत बारकाईनं बघा. आडवी पडलेली गुरं दिसली तर तो वीर गावची गुरं राखताना पडला असण्याची शक्यता असते, होडी दिसली तर पाण्यावरची लढाई. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा, तिचीही नोंद करा.

उजेड कसा धरायचा ते दगडाच्या तोंडावर. पूर्वेकडे तोंड असलेल्या दगडावर सकाळी ऊन सरळ येतं आणि कोरीव काम सपाट दिसतं. अकरा-साडेअकराला सूर्य वर गेला की तेच ऊन दगडावरून घासत खाली उतरतं आणि प्रत्येक खाच सावली धरते. तो तुमचा वेळ. दक्षिणेकडे तोंड असेल तर सकाळ-संध्याकाळचं बाजूचं ऊन घ्या. सावलीतल्या दगडासाठी घरचा आरसा पुरतो, एका विद्यार्थ्याला लांब उभं करून ऊन बाजूनं फेकायला सांगा.

शिलालेखाला रात्र उत्तम. कॅमेरा किंवा मोबाइल भक्कम टेकवा, हलू देऊ नका. टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरून डावीकडून उजेड टाका, फोटो घ्या. मग उजवीकडून, वरून, खालून. चारही लागतात. बाजूनं उजेड आला की अक्षरांचे उभे दंड उठतात, पण शिरोरेघ त्या उजेडाच्याच दिशेत असल्यानं बुजते. वरून उजेड टाकला की शिरोरेघ आणि आडव्या रेषा उठतात. चार फोटो शेजारी ठेवून वाचणाऱ्याला जे मिळतं ते एकात कधीच मिळत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ हा लेख आहे. तो भर दुपारी पाहणारे पुष्कळ जण नुसती झिजलेली पायरी बघून पुढं जातात. ऊन कललं की अक्षरं ओळीनं उभी राहतात.

खडू, पीठ, भस्म, कोळसा यातलं काहीही अक्षरांत भरू नका. खडूनं आपण आपल्याला वाटतं ते अक्षर गिरवतो आणि पुढच्याला तेच दिसतं. पाण्यानं धुऊ नका, तारेचा ब्रश तर नकोच. वाळलेला पाला हातानं बाजूला करा, तेवढं बास.

प्रत्येक फोटोच्या नावात गाव, दिनांक आणि दगडाचा क्रमांक घाला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्या देवळाबद्दल जे सांगतात ते वहीत लिहा, सांगणाऱ्याच्या वयासकट. मुलांना या कामाला लावा. मोजपट्टी धरायला, आरसा धरायला, क्रमांक लिहायला हौसेनं येतात आणि ज्या मुलानं वीरगळाच्या चौकटी मोजल्या तो त्यावर पाय देऊन बसत नाही.

एक काळजी घ्या. सुट्या मूर्तींचे फोटो समाजमाध्यमांवर नेमक्या ठिकाणासकट टाकू नका, मूर्तींची चोरी होते. नोंदीचा एक संच ग्रामपंचायतीत, एक तालुक्याच्या वाचनालयात आणि एक राज्य पुरातत्त्व खात्याच्या तुमच्या विभागाच्या कार्यालयात सहायक संचालकांच्या नावे पत्रासोबत द्या, पोच घ्या. पत्रात शिलालेखाचा उल्लेख पहिल्या ओळीत करा. लेखाचे चारही फोटो मलाही या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. लिपी जाणणाऱ्या अभ्यासकांपर्यंत मी ते पोचवते.